चिक्की घ्या, पण नाचणीही घ्या

लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर ओलाचिंब होऊन वडापाव खाणाऱ्या माणसाला पत्ता नसतो, की आपण अर्धी अमेरिका खातोय. वड्यातला बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांचा. मिरचीही अमेरिकेचीच. पलीकडे निखाऱ्यावर भाजलं जाणारं कणीस मूळचं मेक्सिकोचं, आणि परतताना घ्यायच्या चिक्कीतला शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचाच. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला, त्यानंतर युरोपीय गलबतांनी हा सगळा माल जगभर पसरवला. आपल्याकडे तो मुख्यतः पोर्तुगीजांच्या हातून आला, आणि जोडीला पावही त्यांच्याकडूनच. वड्याच्या बेसनाचा हरभरा तेवढा आपल्या मातीत हजारो वर्षं मुरलेला.

गंमत पुढेच आहे. हाच माणूस सोमवारी आरशात पोट बघतो आणि ‘आता हेल्दी खायचं’ म्हणून किन्वाचं पाकीट मागवतो. किन्वासुद्धा अँडीजचाच! बटाटा सोडला आणि बटाट्याचा शेजारी धरला, एवढाच काय तो फरक.

वडापाव आणि किन्वा या दोन्हींच्या मधे मावळ तालुका पसरला आहे. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. खाचरात इंद्रायणी भात, डोंगरउतारावर नाचणी आणि वरई, बांधावर हुलगे, रानात पावसाबरोबर उगवणाऱ्या भाज्या. चांगलं खायच्या ज्या सवयी आहारतज्ज्ञ पैसे घेऊन सांगतात, त्यातल्या बऱ्याचशा लोणावळा ते तळेगाव या लोकलच्या पट्ट्यात फुकट शिकता येतात. शिकवणारे मात्र भलतेच निघतात: दोन हजार वर्षांपूर्वीचे भिक्खू, एक योगी आणि जावा बेटावरच्या कोंबड्या.

पाव किलोचं गणित

सुरुवात चिक्कीपासूनच करू, कारण लोणावळ्याला येऊन चिक्कीला नावं ठेवणारा माणूस विश्वासाचा नाही.

बोरघाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ मध्ये. घाटातल्या कामगारांना आणि प्रवाशांना झटपट ताकद देणारी गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी इथे विकली जायची, तिचीच पुढे चिक्की झाली, असं लोणावळ्यात सांगतात. दगड फोडणाऱ्या माणसाचा खाऊ म्हणून ही कल्पना झकास होती. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात, चांगली चरबी असते, आणि गूळ लगेच ऊर्जा देतो. शेंगदाणा हा खरं तर सुकामेवा नव्हेच, तो मूग-मटकीच्या कुळातला आहे. जमिनीत शेंगा धरणारं कडधान्य म्हणा ना.

अडचण अशी, की आपण दगड फोडत नाही. आपण द्रुतगती मार्गावर कोंडीत बसून चिक्की फोडतो. शंभर ग्रॅम चिक्कीत पाचशेच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे पाव किलोच्या डब्यात सुमारे साडेबाराशे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या हिशेबात बैठं काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला १,६६० कॅलरी पुरतात आणि पुरुषाला २,११०. उर्से टोलनाका येईपर्यंत डबा रिकामा करणाऱ्या मंडळींनी बाकीचा हिशेब स्वतः करावा.

‘पण गुळाची आहे ना!’ हे उत्तर तयारच असतं. गुळात लोह आणि इतर खनिजं थोडीफार असतात हे खरं, पण गुळाचा बहुतेक भाग साखरच असतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. निम्मा गूळ असलेल्या चिक्कीचे ५० ग्रॅम खाल्ले, की त्या दिवसाचा कोटा संपला. चहातली साखर अजून मोजलीच नाही.

मग काय करायचं? दोन सोप्या गोष्टी. घरी आल्यावर चिक्कीचा पत्रा एकदाच फोडून दोन-दोन बोटांएवढे तुकडे डब्यात भरायचे आणि जेवणानंतर एक घ्यायचा. आणि घेताना पाकिटाची मागची बाजू वाचायची. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पहिलं नाव शेंगदाण्याचं असेल तर घ्या. साखर किंवा द्रव ग्लुकोज पहिलं असेल, तर तुम्ही शेंगदाणे लावलेली गोळी विकत घेताय. ही युक्ती बिस्किटं, सरबतं, ‘मल्टिग्रेन’ पाव, सगळ्यांनाच लागू पडते.

अर्थात राजमाची नाहीतर लोहगड चढताना हा नियम पाळू नका. चिक्की तिथल्यासाठीच आहे.

कणीस जिंकतं

टायगर पॉइंटवर धुक्यात दोन गाड्या शेजारी उभ्या असतात. एकीवर मक्याची भजी, दुसरीवर मक्याचं कणीस. दाणे तेच. भजी बेसनात बुडून तेलात जातात आणि कणीस निखाऱ्यावर. एका मध्यम कणसात शंभराच्या आसपास कॅलरी असतात, आणि ते सोलून खायला दहा मिनिटं लागतात. भज्यांची प्लेट तेवढ्या वेळात दोनदा संपते. वरून लिंबू-तिखट चोळलं, की चवीच्या बाबतीतही कणीस भज्यांना हरवतं, असं माझं स्पष्ट मत आहे. मीठ मात्र ‘जरा कमी’ म्हणून सांगा. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा, एवढीच मिठाची शिफारस आहे, आणि सहलीच्या दिवशी ती वेफरच्या पहिल्या पुड्यातच डळमळू लागते.

एक कोपरा रिकामा ठेवणारे योगी

लोणावळ्याची दुसरी कीर्ती चिक्कीच्या अगदी उलट टोकाची. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी इथे कैवल्यधाम सुरू केलं. त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. योगाच्या क्रिया शरीरात नेमकं काय करतात हे प्रयोगशाळेत उपकरणं लावून तपासायचं, ही त्या काळी जगावेगळी कल्पना त्यांनी राबवली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही काढलं.

याच संस्थेने १९७० मध्ये ‘हठप्रदीपिके’ची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. त्या ग्रंथातल्या मिताहाराचा सांगावा सोपा आहे: पोटाचा एक चतुर्थांश भाग रिकामा ठेवा. वजनकाटा नाही, कॅलरी मोजायचं ॲप नाही. आता आधुनिक शरीरशास्त्र सांगतं, की पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचायला वीसेक मिनिटं लागतात. म्हणजे ‘अजून एक पोळी चालेल’ असं वाटतं तेव्हा बहुधा जेवण आधीच झालेलं असतं, बातमी तेवढी वाटेत असते. त्या एका पोळीआधी पाच मिनिटं थांबून बघा.

पण हठप्रदीपिका डोळे मिटून अंगीकारायची म्हटली तर मावळात पंचाईत होईल. तिच्या वर्ज्य पदार्थांच्या यादीत मासे, मांस आणि मद्य आहे हे अपेक्षितच. त्याच यादीत दही आहे, ताक आहे, लसूण आहे, हिंग आहे, आणि चक्क कुळीथ, म्हणजे हुलगेही आहेत! पुन्हा गरम केलेलं अन्नही नको म्हणते. उलट खडीसाखर आणि मध पथ्याच्या यादीत. हुलग्याचे शेंगोळे लसणाच्या फोडणीत शिजवून वर ताक पिणारा मावळी शेतकरी या हिशेबाने पहिल्याच घासाला नापास. तो ग्रंथ ध्यानाला बसणाऱ्या साधकासाठी आहे, भात लावणाऱ्यासाठी नाही. हुलग्यात शंभर ग्रॅमला वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. शेंगोळे सोडू नका, रिकाम्या कोपऱ्याची गोष्ट तेवढी उचला.

कार्ल्याचे भिक्खू दुपारनंतर जेवत नसत

मळवली स्टेशनला उतरलं की एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. कार्ल्याचं चैत्यगृह देशातल्या कोरीव चैत्यगृहांमध्ये सर्वांत मोठं. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लेख आहेत, आणि त्यांतला एक चक्क जेवणाच्या तरतुदीचा आहे. क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या, म्हणजे तेव्हाच्या वलुरक लेण्यांतल्या, भिक्खूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचं गाव दान दिलं. पावसाळ्यात भिक्खू फिरायचे नाहीत, एकाच ठिकाणी वर्षावासाला राहायचे, त्यांची सोय यातून व्हायची. पुढे सातवाहनांचं राज्य परत आलं, तेव्हा त्यांनी मामाल इथल्या आपल्या अधिकाऱ्याला आज्ञा पाठवून ते गाव भिक्खूंकडेच राहू दिलं. मामाल म्हणजे मावळच. लोणावळ्याच्या पावसात लोकांना खाऊ घालायचा धंदा किती जुना आहे बघा!

भिक्खूंच्या नियमांत एक असा, की मध्यान्हानंतर घन आहार घ्यायचा नाही. सकाळी भिक्षा, दुपारच्या आत जेवण, मग दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत पाणी वगैरे. आज याच्याच सौम्य प्रकाराला ‘इंटरमिटंट फास्टिंग’ म्हणतात आणि सोळा तास उपाशी राहणारी मंडळी त्याबद्दल ऑफिसात अखंड बोलतात.

सगळ्यांनी दुपारनंतर तोंडाला कुलूप लावावं असं अजिबात नाही. मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी तर असले प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नयेत. पण रात्रीचं जेवण साडेदहावरून आठवर आणणं हे बहुतेकांना जमण्यासारखं आहे. मावळातल्या खेड्यांत दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात जेवणं आटोपायची. सिरीयल आल्या आणि ताट पुढे सरकलं.

इंद्रायणी: वडगावची लेक

पुणेकर ज्या इंद्रायणी तांदळासाठी जीव टाकतो, तो पूर्वापार चालत आलेला आहे असं अनेकांना वाटतं. तो १९८७ चा आहे! राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वडगाव मावळ इथल्या संशोधन केंद्रात तो तयार झाला. आई-बाप दोन टोकांचे. एक आपला सुवासिक आंबेमोहोर १५७, दुसरा फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतून १९६६ मध्ये आलेला, हरितक्रांती गाजवणारा आयआर-८. आंबेमोहोराला वास आहे, पण उंच वाढून आडवा पडतो आणि उतारा कमी देतो. आयआर-८ ठेंगणा, भरपूर पिकणारा, पण चवीला यथातथा. दोघांचं जुळवून दिलं आणि नाव ठेवलं नदीचं, जी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावून मावळातून देहू-आळंदीकडे जाते. आयआर-८ च्या नात्याने पाहिलं, तर आपल्या गरम वरणभातात थोडं मनिला आहेच.

इंद्रायणीचा मऊ, चिकट भात हीच तिची ओळख आणि हाच तिचा धोका. साधारणपणे जो भात चिकट होतो त्यात अमायलोज हा पिष्टाचा प्रकार कमी असतो, आणि असा भात पटकन पचून रक्तातली साखर पटकन वाढवतो. म्हणून इंद्रायणी बंद? छे. क्रम बदला.

न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ मध्ये मधुमेह असलेल्या ११ जणांना तेच जेवण दोन वेगवेगळ्या क्रमांनी दिलं. एकदा आधी पाव आणि रस, मग मांस आणि भाजी. दुसऱ्यांदा आधी मांस आणि भाजी, शेवटी पाव. दुसऱ्या क्रमाने जेवणानंतरची साखर ठळकपणे कमी वाढली. अभ्यास लहान होता, पण पुढच्या अभ्यासांचा कलही तिकडेच आहे. आपल्याकडे ताटाची डावी बाजू कोशिंबिरीची, उजवी भाज्यांची आणि सुरुवात भाताच्या मुदीने. मूद राहू द्या, फक्त ती दुसरी. आधी काकडीची कोशिंबीर, वाटीभर उसळ किंवा भाजी संपवा, मग वरण, मग भात. पदार्थ तेच, खर्च शून्य. आजीला पटणार नाही, पण आजीला मधुमेह असेल तर तिलाच आधी सांगा.

आता जावाच्या कोंबड्या. १८९० च्या सुमारास ख्रिस्तियान आइकमन नावाचा डच डॉक्टर तिथे बेरीबेरीचं कारण शोधत होता. प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले, आणि मग एकदम बऱ्याही झाल्या. चौकशी केल्यावर कळलं, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या भटारखान्यातला उरलेला पांढराशुभ्र भात घातला जात होता. नवा आचारी आला. तो म्हणाला, लष्कराचा भात साध्या कोंबड्यांना मिळणार नाही! त्यांना पुन्हा साधा, बिनपॉलिशचा तांदूळ मिळू लागला आणि त्या उठून चालू लागल्या. एका खडूस आचाऱ्यामुळे कळलं, की तांदूळ पांढरा करताना कोंड्याबरोबर जीवाला आवश्यक असं काहीतरी निघून जातं. ते ब-१ जीवनसत्त्व होतं. आइकमनला १९२९ मध्ये नोबेल मिळालं. आचाऱ्याला काही नाही.

म्हणून कामशेत-वडगावच्या बाजारात इंद्रायणी घेताना हातसडीचा किंवा कमी पॉलिशचा आहे का, ते विचारा. रंग किंचित तांबूस, शिजायला वेळ जास्त, आधी अर्धा तास भिजवावा लागतो. कोंड्यातल्या तेलामुळे तो लवकर खवट होतो, तेव्हा वर्षाचं पोतं भरू नका, महिन्यापुरता घ्या. तांदूळ चार-चार पाण्यांनी चोळून धुणं थांबवा, उरलंसुरलं ब जीवनसत्त्व मोरीत जातं. आणि पेज काढत असाल तर ती टाकू नका. मीठ-जिरं घातलेली गरम पेज हे लावणीच्या दिवसांतलं मावळचं सूप आहे.

रात्रीच्या भाताचंही एक आहे. थंड झालेल्या भातातलं काही पिष्ट पचायला जड अशा रूपात जातं आणि तंतूंसारखं वागतं, त्यामुळे फोडणीचा भात अगदीच वाया नाही. मात्र भात रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही. त्यात वाढणाऱ्या एका जिवाणूचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. निवला, की लगेच फ्रिजमध्ये.

उपवासाला कोण खरं, कोण परकं

साबुदाणा आपण इतक्या श्रद्धेने खातो, की तो कुठल्या झाडाला लागतो हे विचारायचं राहूनच जातं. तो झाडाला लागतच नाही. तो कसाव्याच्या कंदापासून बनवतात, कसावा पुन्हा दक्षिण अमेरिकेचा, आणि आपल्याकडचा साबुदाणा बराचसा तमिळनाडूतल्या सेलमच्या कारखान्यांतला. त्यात पिष्टाशिवाय जवळजवळ काही नाही. एकादशी दुप्पट खाशी ती याच्याच जोरावर.

वरई मात्र इथल्या वरकस जमिनीवर पिकते. तिच्यात प्रथिनं आहेत, तंतू आहेत. दाण्याच्या आमटीबरोबर वरीचा भात, काकडीची कोशिंबीर, हे खरोखरच पोटाला आराम देणारं जेवण आहे. एकच जपायचं: वरईचं, म्हणजे भगरीचं तयार सुटं पीठ दुकानातून आणू नका. दमट हवेत त्याला बुरशी लागते आणि दर नवरात्रात विषबाधेच्या बातम्या येतात. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तिथे तर मिक्सरमध्ये लागेल तेवढंच दळावं.

आणि नाचणी! शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गाईच्या दुधाच्या जवळपास तिप्पट. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचं वर्ष जाहीर केलं तेव्हा शहरात नाचणीचे केक, नाचणीची बिस्किटं, नाचणीचे नूडल्स निघाले. त्यांतल्या कित्येकांत नाचणी चिमूटभर आणि मैदा ओंजळभर. मागची बाजू वाचायची, हे वर सांगितलंच आहे. नाचणी खायची तर भाकरी करा, आंबील करा. पीठ ताकात आंबवलं किंवा नाचणीला मोड आणून वाळवून दळली, की खनिजं अडवून धरणारी द्रव्यं कमी होतात आणि कॅल्शियम, लोह अंगी जास्त लागतं. आठवड्यातून दोनदा गव्हाच्या पोळीऐवजी नाचणीची भाकरी, एवढ्यानेही फरक पडतो. भाकरी थापता येत नसेल तर पिठाची धिरडी घाला, कुणी हसणार नाही.

लोकल सुटेपर्यंत वाचायच्या चार गोष्टी

पालेभाजीवर, पोह्यांवर, उसळीवर लिंबू पिळायचं. क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींमधलं लोह शरीरात चांगलं शोषलं जातं. चहा याच्या बरोबर उलट करतो, म्हणून जेवण आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर असू द्या. भेंडी खाल्ल्यावर लगेच कटिंग मारणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून धावते, आणि तिच्या डायनिंग कारमधलं चीज टोस्ट आणि कटलेट खंडाळ्याचा घाट बघत खाणं हा एक संस्कार आहे. तो जरूर करा. पण खिडकीबाहेर बघा, मोबाइलकडे नको. पडद्याकडे बघत खाल्लं, की माणूस नकळत जास्त खातो, हे अनेक प्रयोगांत दिसलंय. धबधब्यांवर असा प्रयोग कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही, तेव्हा ते बिनधास्त बघावेत.

मासवडीत मासा नसतो. बेसनाच्या वेष्टणात तीळ, खोबरं, कांदा-लसूण भरून केलेली ही वडी मासळीच्या तुकड्यासारखी दिसते म्हणून ते नाव. मैद्याच्या मोमोपेक्षा कधीही उजवी, फक्त वरची तर्री वाटीत ठेवून खा, ताटात ओतू नका.

उपाशी राहून लढाई हरण्याची कथाही इथलीच. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज हजारो बैलांवर सामान लादून घाट चढून तळेगावपर्यंत आली. मराठ्यांनी पुढचा मुलूख मोकळा करून, दाणागोटा आणि चारा जाळून ठेवला होता. फौज माघारी फिरली, वडगावला कोंडली गेली आणि तिथेच तह करून सुटली. डबा न घेता घराबाहेर पडणाऱ्यांना यातून बोध घेता येईल. सकाळी निघताना पिशवीत शेंगदाणे-फुटाणे किंवा एक फळ असलं, तर रस्त्यातला प्रत्येक वडा आपल्याशी तह करून जात नाही.

पाऊस पडला, की बाजार रानात भरतो

आता या पट्ट्यातली सगळ्यात खास गोष्ट. मृगाच्या सरी पडल्या, की आठ-दहा दिवसांत टाकळा वर येतो. नांगरणी नाही, खत नाही, फवारणी नाही. कोवळी पानं खुडायची, लसूण-कांद्यावर परतायची. याच टाकळ्याच्या बिया भाजून कॉफीला पर्याय म्हणूनही वापरतात. मग कुरडू, मग फोडशी. फोडशीचा मुळाकडचा पांढरा भाग काढून पाती बारीक चिरतात आणि मूगडाळ घालून भाजी करतात. भारंगी कडू, म्हणून पानं उकडून पाणी पिळून टाकायचं, फुलांचीही भाजी होते.

शेवळं हे प्रकरण वेगळंच. सुरणाच्या कुळातला हा कोंब नुसता शिजवून खाल्ला तर घसा खाजून जीव नको होतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून त्याच सुमारास रानात मिळणारी काकडाची आंबट फळं घालतात, नसली तर चिंच नाहीतर कोकम. विकणारी बाई शेवळांच्या जुडीबरोबर मूठभर काकडं आठवणीने देते. अळूच्या फदफद्यात चिंच का, याचंही उत्तर हेच.

करटोलीची कथा ऐकण्यासारखी आहे. या वेलात नर आणि मादी वेगवेगळे असतात. नुसताच नर वेल लावला तर फुलं येतील, फळ येणार नाही. नुसती मादी लावली तरी जवळपास नर हवाच. जमिनीतला कंद उन्हाळाभर निजून राहतो आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतो. श्रावणात करटोलीचा भाव मटणाच्या दिशेने निघालेला असतो, तरी घ्यावीत.

सवय म्हणून याचा उपयोग काय? जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं सांगते. आपल्यातले बहुतेक जण बटाटा, कांदा, टोमॅटो, फ्लॉवर यांच्यावर वर्ष काढतात. भाज्यांमध्ये जितकी विविधता, तितकी वेगवेगळी जीवनसत्त्वं, खनिजं आणि तंतू. पावसाळ्याच्या चार महिन्यांत आठवड्याला एक नवी भाजी ओळखायची ठरवली, तर डझनावर भाज्या सहज होतील. एप्रिल-मेमध्ये हीच जागा करवंदं आणि जांभळं घेतात. जुन्या महामार्गाच्या कडेला पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन पोरं उभी असतात, आणि त्यांच्यापुढून शंभराच्या वेगाने गाड्या चिप्स घ्यायला निघून जातात.

एक पक्कं लक्षात ठेवा: स्वतः रानात जाऊन खुडू नका. सारखी दिसणारी, पण विषारी पानं असतात, आणि फोटो बघून भाजी ओळखणं हा जिवाशी खेळ आहे. हे ज्ञान ठाकर, कातकरी बायकांचं आहे. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथे पाककृतीसकट भाज्या बघायला मिळतात. एरवी कामशेत, वडगाव, तळेगावच्या बाजारात कडेला फडकं पसरून बसलेल्या बाईला विचारा. कुठली भाजी, कशी निवडायची, कशात शिजवायची, खाज येते का, हे सगळं ती सांगेल. पहाटे उठून डोंगर चढून, ओल्यात वाकून तिने ती जुडी गोळा केलेली असते. चिक्कीच्या दुकानात छापील किमतीवर हूं का चूं न करणाऱ्यांनी, कृपा करून, तिच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नये.